‘प्रलंबित’ म्हणजे काय?

दैनंदिन बोलण्यातही भारदस्त, संस्कृतप्रचुर शब्द वापरावेत, असा आग्रह धरणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. नवे शब्द घडवायला माझा विरोध नाही. सावरकरांनी रूढ केलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द मीही वापरते. पण कागदावरची भाषा समोरच्या माणसाशी बोलताना कशाला?

गेल्या महिन्यात आईची पेन्शन थांबली, म्हणून आम्ही दोघी चौकशीला गेलो. ‘हयात प्रमाणपत्र अप्राप्त असल्याने देयक प्रलंबित आहे,’ असे खिडकीवरून उत्तर आले. आई गप्प झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘मला आता मराठीही कळेनासं झालंय.’ ते ऐकून फार वाईट वाटले. ‘हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय,’ एवढेच तर सांगायचे होते!

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभारातील फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी. त्यानंतरही अर्ज, तारीख, वकील, दाखला हे शब्द लोकांच्या तोंडी राहिलेच. ते आता मराठीच आहेत आणि माझ्या आईला ते कळतात.

– एक वाचक, सांगली