माणूस की तत्त्व?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. वडिलांच्या मागे एकोणीस वर्षं मीच ते चालवते. इंग्रजीतल्या सारख्या उच्चाराच्या शब्दांमुळे होणारे घोळ आमच्या काउंटरवर रोज येतात, म्हणून हे पत्र.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका शाळेने पाठवलेल्या चिठ्ठीत 'प्रिन्सिपल'च्या शेवटी 'एल-ई' लिहिलं होतं. मी तसाच शिक्का करून दिला. जूनमध्ये एक गृहस्थ मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. मुख्याध्यापकांची सही आणि तिच्याखाली जांभळ्या शाईत ठसठशीत 'तत्त्व'! कॉलेजच्या खिडकीवरून दाखला परत आला होता. मुलगी कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून दाराशी उभी होती. नवा शिक्का मी त्याच दुपारी केला, पैसे घेतले नाहीत. पण प्रवेशाच्या दिवसांतले तिचे दोन दिवस गेले ते गेलेच.

तेव्हापासून शिक्का टाकण्याआधी मी विचारते, "माणूस की तत्त्व?" शेवटी 'ए-एल' असेल तर मुख्याध्यापक, आणि कर्जाच्या कागदावरचं मुद्दलही तेच. 'एल-ई' म्हणजे फक्त तत्त्व. 'कौन्सिलर'चंही तसंच. मध्ये 'सी' असेल तर नगरसेवक, 'एस' असेल तर समुपदेशक. दुकानदारांच्या शिक्क्यावरचं 'लायसन्स' हे नाम, म्हणून आपल्याकडच्या ब्रिटिश पद्धतीने शेवटी 'सी-ई', क्रियापदाला 'एस-ई'. इथे कान उपयोगी पडत नाही. 'अॅडव्हाइस' आठवावं: सल्ला म्हणताना 'स' ऐकू येतो, तिथे 'सी-ई'; सल्ला देणं म्हणताना 'झ', तिथे 'एस-ई'.

सगळ्यांत जास्त चुकते ती स्टेशनरी. 'ए-आर-वाय' म्हणजे जागचं न हलणारं, 'ई-आर-वाय' म्हणजे वह्या-कागद. दोन्हींचं मूळ एकच आहे. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते फिरते असत. विद्यापीठाजवळ कायमचा गाळा मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. दुकानातल्या शिकाऊ मुलाला मी सांगितलं, 'अचल'चा अ इंग्रजीत 'ए'ने लिहितोस ना, मग न हलणाऱ्याला 'ए'. पुन्हा चुकला नाही तो.

माझं म्हणणं एवढंच की, मुलांकडून या जोड्यांच्या याद्या पाठ करून घेण्याआधी त्यांना मराठीतल्या जोड्या दाखवाव्यात. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. पाणि म्हणजे हात आणि पाणी आपलं नळाचं. वडील शिक्क्यांसाठी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. १९८२ साली ठाण्यात नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हा शिक्के बदलून घ्यायला गर्दी उसळली होती म्हणत. त्या गडबडीतही ते वेलांटीचा खिळा उजेडात धरून पाहायचे, ऱ्हस्व की दीर्घ. बोलताना आपल्यालाही ती फारशी वेगळी ऐकू येत नाही, डोळ्यांनीच ओळखावी लागते. ज्या मुलाला हे कळलं, त्याला इंग्रजीची ही अडचण परकी वाटणार नाही.

आपल्या शालेय पुरवणीत रोज एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती. एक जोडी मराठीची, शेजारी एक इंग्रजीची, अर्थासकट. दहावीचे दाखले निघण्याआधी सुरू केलीत तर फार बरं होईल.

आपली,
एक शिक्केवाली, ठाणे (पश्चिम)