मिलिंद हो म्हणाला

प्रिय शमे,

गणपतीतल्या तुझ्या पत्राला अजून उत्तर नाही, म्हणून शिव्या घातल्याच असशील. घाल. तब्येती ठीक आहेत, माझा थायरॉईड होता तिथंच आहे. विषय वेगळाय.

मिलिंद हो म्हणाला. साताऱ्याला परत जायला. कायमचं.

आता तू म्हणशील, मग पेढे कुठायत? तेच तर. मी ज्या हट्टापायी इतकी वर्षं तुझे कान खाल्ले, तो पुरा झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. हे दुसऱ्या कुणाला सांगू? आई देव पाण्यातून काढेल आणि मिलिंद तोंडात मारल्यासारखा बघेल.

झालं असं. आम्ही टूलूजहून, अगदी घराच्या दारातूनच, सायकली काढून कनाल द्यु मिदी या फ्रेंच कालव्याच्या काठानं निघालो. समुद्रापर्यंत जायचं, रोज तंबू ठोकायचा. काठाची वाट म्हणजे पूर्वी घोडे नावा ओढत चालायचे ती. पहिले पन्नासेक किलोमीटर डांबर आहे, चढ म्हणावा तर जाणवतही नाही. फक्त ओतां नावाचा वारा सुटला होता. तो आग्नेयेकडून येतो, म्हणजे आमच्या थेट तोंडावर. या वाऱ्यानं माणसं भ्रमिष्ट होतात, असं इथले लोक म्हणतात. मिलिंदचं ते बोलणं मी अजून वाऱ्याच्याच खात्यावर टाकतेय.

नोरूझला कालव्याचा सगळ्यात उंच टप्पा आहे, १८९ मीटर. काळ्या डोंगरातलं पाणी चर खणून इथं आणलंय. इथून ते एकीकडं अटलांटिकच्या बाजूला उतरतं, दुसरीकडं भूमध्य समुद्राच्या. तुला माहितीये, पाणी दिसलं की आमच्यातला इंजिनिअर जागा होतो. रिके नावाचा मिठाचा कर वसूल करणारा माणूस, त्यानं १६६६ साली हे मनावर घेतलं, स्वतःचा पैसा ओतला, आणि १६८१ ला कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी गेला. लॉकच्या, म्हणजे नावा वर-खाली करायच्या हौदांच्या, सरळ भिंती ढासळल्या म्हणून पुढं त्या फुगीर बांधल्या... मी डब्यातला पराठा चावत हूं हूं करत होते. त्याच सुरात म्हणाला, ‘‘आपण जाऊ या परत. तू म्हणतेस ते बरोबर आहे.’’

मी विचारलं, ‘‘लोणचं देऊ?’’

खरंच, शमे. हेच निघालं तोंडातून.

आणि ‘पाणी दोन्हीकडं जातं’ यातून मला काही शिकवायला जाऊ नकोस. अकरावीत त्या बक्षिसाच्या निबंधात तू नदीला आई केलंस, तेव्हाच मी तुला माफ केलं नव्हतं.

त्यानंतर तो खुशीत शीळ घालत पुढं आणि मी मागं. डांबर संपून खडी लागली, मुळांवरून सायकलीच्या पॅनिअर, म्हणजे बाजूच्या पिशव्या, नुसत्या खडखडत होत्या. झाडांना बुरशीचा रोग लागलाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या दारूगोळ्याच्या पेट्यांतून ती आली म्हणतात. इथं २००६ ला सापडली, तेव्हापासून कापून जाळणं चालूच आहे. कालव्याच्या काठावर प्लेन जातीचे ४२,००० वृक्ष होते म्हणे. आता मैलच्या मैल उघडे. सावलीच नाही, म्हणून डोकं तापलं असेल, असंही वाटून घेतलं. पण रात्री कास्तेलनोदारीला तो कासुले, म्हणजे बदक घालून शिजवलेली पांढऱ्या घेवड्याची उसळ, ओरपत साताऱ्याच्या घराचं प्लंबिंग काढून बसला. मी सॅलड खात होते आणि मला कळेना की मला तिथलं नेमकं काय हवं होतं. तू? पण तू तर पोवई नाक्यावरून बघायलाही वर येत नाहीस. गच्ची? ती काकांनी पत्रे टाकून झाकली. मला वाटतं मला तक्रार हवी होती. ती काढून घेतल्यावर या घरात मी काय बोलणार?

आणि इथं माझा सोमवारचा कुंभारकामाचा वर्ग आहे, शेजारची म्हातारी आहे, तिच्या मांजराला औषध मीच देते. हसू नकोस.

कार्कासोनच्या लाँड्रीत बसून लिहितेय. तो ट्यूब आणायला गेलाय. (पंक्चर त्याच्या सायकलचं. सज्जनगडच्या वेळचंही तुझंच होतं, माझं नाही, हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवते.)

तुझ्या सासूबाईंचा गुडघा बरा आहे असं आईकडून कळलं. ओंकार फिजिक्सच करतोय ना? त्याला करू दे.

उत्तर लगेच लिही, पण फोन नको, तो जवळच असतो. आणि आईला अवाक्षर बोलू नकोस. ती उद्याच जिन्याखालची खोली रंगवायला काढेल.

तुझीच,
वैजू