पाऊण तास नव्हे, साडेचव्वेचाळीस मिनिटं!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला टाइम झोनवरचा लेख वाचला. बाकी लेख मस्तच, पण पश्चिम आफ्रिकेवरच्या चार ओळी वाचून राहवेना म्हणून लिहितोय. त्यात म्हटलंय की तिकडं इंग्रज-फ्रेंचांनी सरसकट ग्रीनिच टाइम लावला आणि लायबेरिया तेवढा १९७२ पर्यंत 'पाऊण तास मागे राहिला'. दोन्ही गोष्टी चुकल्यात.

आधी पाऊण तासाचं बघू. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो, १९७१ मध्ये आमचं जहाज आयर्न ओर भरायला लायबेरियाच्या ब्युकॅनन बंदरात लागलं होतं. आता रेडिओ रूमचं घड्याळ म्हणजे कायम जीएमटीवर, म्हणजे ग्रीनिच टाइमवर, जहाज जगात कुठंही असो, आणि त्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांवर लाल पट्टे असायचे, त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि कुणी एसओएस देतंय का ते ऐकायचं. त्यामुळे सेकंद काट्याकडं बघायची खोड लागलेली. बंदरातल्या ऑफिसात कागदांवर सह्या चालल्या होत्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं. माझं मनगटी घड्याळ जीएमटीवर, त्यात बरोब्बर बारा, आणि भिंतीवर सव्वाअकरा वाजून ३० सेकंद. माझा सेकंद काटा वर तर त्यांचा खाली, सतत समोरासमोर. मला वाटलं यांचं घड्याळ बिघडलंय, तसं बोललोही, तर तिथला क्लार्क हसला आणि म्हणाला की आमचं बरोबर आहे, हा आमचाच टाइम आहे. खरंच तसं होतं, लायबेरिया जीएमटीच्या ४४ मिनिटं ३० सेकंद मागे होता. त्या अर्ध्या मिनिटाला खाऊन 'पाऊण तास' लिहिलं की सगळी मजाच गेली ना!

आणि 'मागे राहिला' म्हणजे काय? लायबेरिया १८४७ पासून स्वतंत्र देश, आजूबाजूला सगळ्या इंग्रज-फ्रेंचांच्या वसाहती. लायबेरियानं आपलं घड्याळ आपल्या राजधानीच्या सूर्यावर लावलं होतं. मनरोव्हिया साधारण १० अंश ४७ मिनिटं पश्चिम रेखांशावर आहे, एका अंशाला ४ मिनिटं धरा, ४३ मिनिटं ८ सेकंद येतात, आणि १९१९ पर्यंत त्यांचा टाइम अगदी तेवढाच मागे होता. त्या वर्षी तो साडेचव्वेचाळीस केला. हा आकडा मात्र मला आजही कोड्यात टाकतो, कारण त्याचा रेखांश काढला तर तो मनरोव्हियाच्याही पश्चिमेला जातो, म्हणजे राजधानीचा सूर्य घड्याळाच्या एक मिनिट २२ सेकंद पुढे! पलीकडं आयव्हरी कोस्टमध्ये १९१२ पासून जीएमटी, त्यामुळे सीमेवरची कव्हाला नदी ओलांडली की घड्याळ साडेचव्वेचाळीस मिनिटं फिरवायचं.

सरसकट ग्रीनिच म्हणाल तर तेही नाही. नायजेरिया १९१४ मध्ये ग्रीनिचच्या अर्धा तास पुढे गेला आणि १ सप्टेंबर १९१९ पासून एक तास, आजही तसाच आहे. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, तिथं १९२० आणि ३० च्या दशकात वर्षाचे शेवटचे चार महिने घड्याळ २० मिनिटं पुढे करायचे, हेही इंग्रजांच्याच राज्यात. गिनी-बिसाऊ तर १९७५ पर्यंत एक तास मागे होता.

लायबेरियात टबमन १९४४ पासून अध्यक्ष होते, ते १९७१ च्या जुलैत वारले, मग टॉल्बर्ट आले आणि ७ जानेवारी १९७२ ला देश जीएमटीवर गेला. म्हणजे जो सूर्य आदल्या दिवशी सहा-दहाला उगवला तो एकदम सातच्या सुमाराला उगवायला लागला. गंमत बघा, तेव्हा लायबेरियाच्या झेंड्याखाली जगातली ढीगभर जहाजं फिरायची, माझंही त्यातलंच, मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'मनरोव्हिया' रंगवलेलं, आणि नेव्हिगेशन सगळं जीएमटीवर.

माझा पुतण्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला हे सांगितलं तर तो म्हणे काका, हा लायबेरिया आम्हाला अजून छळतो. कॉम्प्युटरचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या जीएमटी मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं, त्या क्षणी मनरोव्हियात ३१ डिसेंबर १९६९, रात्रीचे ११ वाजून १५ मिनिटं ३० सेकंद झाले होते. झोनचा फरक पूर्ण मिनिटांतच असणार असं धरून ज्यांनी प्रोग्राम लिहिले ते तिथं अडकतात. आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या टाइम झोनच्या यादीत डाकार, बमाको, फ्रीटाऊन ही पश्चिम आफ्रिकेतली शहरं सगळी आयव्हरी कोस्टच्या आबिदजानला जोडून टाकलीत, कारण १९७० नंतर त्यांचा टाइम एकच आहे, मनरोव्हियाची नोंद मात्र वेगळी ठेवावी लागलीय ती १९७० ते ७२ या दोन वर्षांमुळे.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाच, आणि अर्धं मिनिट खाऊ नका. चुकतात सगळेच, आम्हीही चुकलो होतो. १९७२ च्या जूनमध्ये परत ब्युकॅननला गेलो, तर आमच्या सेकंड ऑफिसरने गेल्या खेपेची वही बघून जहाजाची घड्याळं पाऊण तास मागे केली (हो, त्यानेही पाऊण तासच). पायलट (म्हणजे जहाजाला बंदरात नेणारा वाटाड्या) सकाळी सहाला येणार असा निरोप मीच घेतला होता. आमच्या घड्याळात सव्वापाच, बाहेर मिट्ट काळोख, धो धो पाऊस, आणि पायलटची बोट खाली येऊन भोंगा वाजवतेय, डेकवर कुणीही नाही, शिडीसुद्धा सोडलेली नाही. कॅप्टन अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत माझ्या केबिनमध्ये घुसले. टाइम बदलल्याची छापील दुरुस्ती आली होती हो, पण पुस्तकात चिकटवायची राहिलेली, माझ्याच टेबलावर कॉफीच्या मगाखाली पडून होती.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर