निळीच्या जागी येणाऱ्या गाडीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी पहिल्या वाक्यालाच "कशाला?" म्हटलं असतं, मी चिडले असते, आणि आईला दोघांच्या मध्ये बोलावं लागलं असतं. म्हणून पत्र. शिवाय यात आकडे आहेत, आणि आकडे बाबा कागदावर असल्याशिवाय मानत नाहीत.

तर, मी सही केली आहे. नवी हायब्रिड गाडी (पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असलेली), लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याने, ३६ महिन्यांसाठी. करार माझ्या नावावर, हप्ता माझ्या खात्यातून. चालवणार बाबा, त्यामुळे विम्यात चालक म्हणून त्यांचं नाव घातलंय. करारात कुटुंबातल्या माणसाने चालवायला परवानगी आहे ना, हे मी दोनदा वाचून घेतलं. दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, तूच सांग.

क्लिनिकच्या उतारावर गाडी मागे गेली त्या प्रकाराबद्दल मी काही बोलणार नाही असं आईला वचन दिलंय. म्हणून बोलत नाही.

बाबा, आता तुमचा प्रश्न. हप्ते संपले की हातात काय राहणार? चावीची रिंग. हे मलाही कळतं. तुम्ही आयुष्यात एक वस्तू भाड्याने आणली नाहीत, निळीसुद्धा सगळे पैसे एकदम मोजून आणलीत, आणि त्या वर्षी आम्हाला नवे कपडे का नव्हते ते आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. मी पैसे उडवते आहे असं वाटण्याआधी एकदा हिशेब बघा. रुपये-पैसे लिहीत नाही, नाहीतर तुम्ही तेवढ्याच आकड्याशी भांडत बसाल. गाडीची किंमत १०० धरा.

३६ महिन्यांनी ही गाडी ५५ ची राहील असं कंपनीने आधीच लिहून दिलंय. म्हणजे आपण वापरणार ४५. भागिले ३६, महिन्याला १.२५. ही झाली गाडीची झीज. वर त्यांच्या अडकलेल्या पैशांचं व्याज. ते सरळ टक्क्यांत सांगत नाहीत, 'मनी फॅक्टर' नावाचा एक बारका दशांश देतात. आपला ०.००२५ आहे. तो १०० अधिक ५५, म्हणजे १५५ ने गुणायचा. आले ०.३९. एकूण हप्ता १.६४.

त्या दशांशाला २४०० ने गुणलं की वर्षाचा व्याजदर मिळतो. इथे ६ टक्के. २४०० कुठून आला ते मी सांगणार नाही, तुम्ही काढा. (आई, त्यांना दुपारी झोपू दे, हे संध्याकाळी दाखव.) बरं, सांगतेच, नाहीतर फोन येईल. सुरुवातीची आणि शेवटची किंमत मिळवली की सरासरीच्या दुप्पट होते, म्हणून २. वर्षाचे महिने १२. टक्क्यांसाठी १००. तिन्हींचा गुणाकार करा.

हे मी निळीच्या पुढच्या सीटवर शिकले, समोरच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरचे आकडे मिळवत. बेरीज चुकली की तुम्ही काही बोलायचा नाहीत, फक्त गाडी थोडी हळू करायचा, म्हणजे ती प्लेट पुन्हा दिसायची. मागच्या माणसाने हॉर्न दिला तरी.

त्याच विद्येवर या वेळी एकाला पकडलं. पहिल्या ठिकाणचा विक्रेता फक्त महिन्याचा हप्ता सांगत होता, जणू बाकी आकड्यांशी माझा संबंधच नाही. मी चार आकडे मागितले: गाडीची धरलेली किंमत, शेवटची किंमत, मुदत आणि मनी फॅक्टर. त्याने तीन दिले. चौथा मी हप्त्यावरून उलटा काढला. हप्ता १.७७ होता. त्यातून झीज १.२५ वजा केली, उरले ०.५२, त्याला १५५ ने भागलं आणि २४०० ने गुणलं. ८ टक्के! दुसऱ्या ठिकाणी त्याच गाडीला ६. मी उठले. तुम्ही असतात तर त्याला कागद-पेन्सिल घेऊन समजावत बसला असतात.

सुरुवातीला एकरकमी काहीच भरलं नाही. तुम्ही म्हणाल, भरले असते तर हप्ता उतरला असता. उतरतो, पण किती? १० आधी भरले तर हप्ता १.६४ वरून १.३३ वर येतो, ३६ महिन्यांत वाचतात जेमतेम ११. फायदा एकाचा. आणि गाडी दुसऱ्याच महिन्यात चोरीला गेली किंवा भंगारात निघाली, तर विम्याचे पैसे मालकाला, म्हणजे लीज कंपनीला मिळतात. आपले आधी भरलेले दहा सहसा परत येत नाहीत. विम्याची रक्कम आणि करारातली उरलेली बाकी यांत फरक पडला तर तो भरून काढणारा गॅप इन्शुरन्स घेतलाय. होणार काही नाही, पण घेतलाय.

आता किलोमीटर. मागच्या वेळी आले होते तेव्हा निळीच्या कप्प्यातली पेट्रोलची वही मी गुपचूप उघडली. रागावू नका. गेल्या वर्षी गाडी ४,१०० किमी चालली. त्याआधीच्या वर्षी सहा हजारांच्या वर होती. अक्षर तेच आहे, नोंदी तेवढ्या विरळ झाल्यात. लीजला वर्षाची मर्यादा असते, ओलांडली तर परत करताना दर किलोमीटरला पैसे द्यावे लागतात. उलट वापरले नाहीत तर परत काही मिळत नाही. ते २०,००० ची मर्यादा गळ्यात मारत होते, मी सर्वांत कमी, १०,००० ची घेतली. तेव्हा "किलोमीटर वाचवायला" म्हणून मावशीकडे जायचं टाळू नका. वर्षाला दहा हजार करायला तुम्हाला दर आठवड्याला मावशीकडे जावं लागेल, आणि ते मावशीलाही चालणार नाही.

आणि एक कबुली आधीच देऊन टाकते, कारण वहीवरून तुम्ही हे काढणारच. पेट्रोलच्या बचतीवर हा व्यवहार जुळत नाही. निळी लिटरला १४ देते, ही २२ धरा. ४,१०० किमीला वर्षाचे १०६ लिटर वाचतील. साध्या गाडीपेक्षा हायब्रिडचा जो जास्तीचा हप्ता आहे तो १०६ लिटरमध्ये भरून निघत नाही. जो माणूस दिवसभर शहरात गाडी फिरवतो त्याचा निघेल. आपला नाही.

मग कशाला? गुडघ्यासाठी. क्लच नाही. डावा पाय नुसता ठेवायचा. चढावर ब्रेक सोडला की गाडी क्षणभर स्वतःच धरून ठेवते. गियर बदलताना बसणारा हिसका नाही, कारण नेहमीसारखे गियरच नाहीत. इंजिन आणि दोन मोटर एका दातेरी चक्रांच्या संचावर मिळून काम करतात आणि वेग सलग वाढत जातो. आई, हे तुझ्यासाठी. वळणांपेक्षा तुला त्या हिसक्यांनी मळमळायचं असा माझा अंदाज आहे. मला आठवतं, तू काच खाली करून डोळे मिटून बसायचीस आणि तशातही माझं डोकं तुझ्या मांडीवर घेऊन एका हाताने कपाळ धरायचीस, मला लागू नये म्हणून. लागत तुला होतं.

सीट उंच आहे, दार बरंच उघडतं, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे. मी स्वतः चारदा बसून-उठून पाहिलं, तो दाखवणारा मुलगा हसत होता. एसीची काळजी नको. सिग्नलला इंजिन बंद पडतं (बंद पडलं म्हणून बाबांनी बॉनेट उघडायचं नाही, ते तसंच असतं), पण एसी विजेवर चालतो, तो चालूच राहतो. आणि आई, नाही, घरी वायर लावून चार्ज करायची नाही. ब्रेक दाबला की जी ताकद एरवी उष्णता होऊन वाया जाते तिचीच वीज होऊन बॅटरीत भरते. बाकीचं इंजिन बघून घेतं.

नवं तंत्र, उद्या बिघडलं तर, असं म्हणू नका. टोयोटाने प्रियस १९९७ साली जपानमध्ये विकायला काढली, दादा तेव्हा शाळेत होता. आणि इंजिन-मोटरची जोडगोळी तर फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारासच गाडीत बसवून पाहिली होती. यात नवं काही असेल तर ते आपल्या घरात.

३६ महिने का, तेही सांगते. ४८ चा हप्ता १.५१ होता, दिसायला कमी. पण गाडीची सर्वसाधारण हमी ३ वर्षांची आहे. चौथ्या वर्षी दुरुस्ती निघाली तर खर्च आपला, गाडी त्यांची. शिवाय टायर बदलायची वेळ येते. शिवाय मुदतीच्या आधी करार मोडला तर फार महाग पडतं, म्हणून मुदत झेपेल एवढीच घ्यावी असं सगळेच सांगतात. शिवाय तोपर्यंत आणखी चांगल्या गाड्या येतील.

हे चार 'शिवाय' लिहून झाल्यावर मी उठून पाणी प्यायले.

बाबा, तीन वर्षांनी तुम्ही ७९ चे असाल. तेव्हा तुम्हाला चालवावंसं वाटेल की नाही हे मला आज ठरवायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी ठरवलेलंही मला आवडणार नाही. विकत घेतली असती तर एक दिवस कुणाला तरी "आता गाडी विकूया" म्हणावं लागलं असतं. ते वाक्य मला म्हणायचं नाही. करारात लिहिलंय की मुदत संपली की ५५ ला विकत घ्यायची किंवा परत द्यायची, आपली मर्जी. ती मर्जी तुमची. चालवावीशी वाटली तर ५५ मी भरेन, एक शब्द न बोलता. नको वाटली तर परत करण्याचं ठरलेलं शुल्क भरून चावी त्यांच्या टेबलावर ठेवायची. मी त्या दिवशी तिथे असेन. तिकीट आत्ताच काढत नाही, नाहीतर म्हणाल घाई झालीय हिला.

आता सूचना. बाबा, चष्मा लावून वाचा.

गाडी आपली नाही, त्यामुळे तिला भोकं पाडायची नाहीत. मागे फळी बसवायची नाही, डॅशबोर्डला स्क्रू लावून पंखा नाही, काचेवर काही चिकटवायचं नाही. बारीक खरचटे किती चालतात ते करारात आहे, मोठ्याचे पैसे लागतात. पहिल्याच दिवशी चारी बाजूंचे आणि आतले फोटो काढून मला पाठवा. सर्व्हिस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, पावती फाइलमध्ये. तुमचा नेहमीचा मेकॅनिक देवमाणूस आहे, पण त्याला फक्त दाखवायला न्या.

आई, मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, तिथून बॅटरीला हवा जाते. तिच्यावर पिशव्या, शाल, उशी काही ठेवायचं नाही. तू ठेवशील म्हणूनच लिहितेय.

गाडी दोन-तीन आठवडे नुसती उभी राहिली तर छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा. गॅरेजमध्ये उभ्या उभ्या सुरू करून ठेवायची नाही. ही गाडी सुरू असली तरी आवाज करत नाही, आणि मधेच इंजिन आपोआप सुरू होतं. बंद जागेत तो धूर जिवावर बेततो. उतरण्याआधी 'रेडी'चा दिवा विझलाय का, हे दोघांनीही बघायचं. बाबांनी म्हणायचं "विझला", आईने म्हणायचं "विझला". हसू नका. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे मला माहीत आहे, आणि आई ते लपवते हेही. मागे घेताना तर फारच सावकाश, रस्त्यावरच्या लोकांनाही ही गाडी नीट ऐकू येत नाही.

रात्रीचं चालवायचं नाही, हे मी लिहिणार नव्हते. मोतीबिंदूची तारीख मिळेपर्यंत तरी नको. एवढं ऐका.

निळीला नेणारा माणूस पुढच्या महिन्यात येईल. तेव्हा बाहेर उभं राहायलाच हवं असं नाही. दादा असेल.

तुमची,
चिमी

ता. क. पेट्रोलची वही निळीबरोबर जाऊ देऊ नका. नव्या गाडीच्या कप्प्यात ती बरोबर मावते, मी घरची दुसरी वही नेऊन मापून बघितलं. ठेवायला भोक पाडावं लागत नाही.