मीटर कोणाचं, हे विचारायला शिकवणाऱ्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देणार नाही. दिलं तर घडी घालून डब्याखाली सारून ठेवाल आणि म्हणाल, "बरं, चहा ठेवू का?" म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेलच.

जून २०२३. नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवर एसटीतून उतरलो तेव्हा दोन बॅगा, गादीची वळकटी, पाच वर्षांचं पोरगं आणि हिशेबाची वही एवढं सामान होतं. हिशेब मी साक्रीत बसून केला होता. ह्यांना दुकानात अकरा हजार मिळायचे, अंबडच्या कंपनीत कंत्राटावर अठरा मिळणार होते. साक्रीत भाडं तीन हजार, नाशिकला फार तर पाच धरलं. दूध, भाजी, किराणा गावाच्याच भावाने. वहीत दरमहा पाच हजार शिल्लक पडत होते. ती वही तुम्ही वाचलीत आणि पोट धरून हसलात. मला तेव्हा राग आला होता, आज सांगते.

आपली भेट तरी कशी झाली! सिडकोत घरं बघून पाय दुखले म्हणून तुमच्या ओट्यावर टेकलो होतो. तुम्ही मेथी निवडत होतात. आमचं बोलणं कानावर पडलं आणि वर न बघताच विचारलंत, "कथाईन उनात?" कुठून आलात! नाशिकमध्ये पहिल्या दिवशी कोणी अहिराणीत विचारेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही सटाण्याकडच्या, आम्ही साक्रीचे. पाण्याचा तांब्या आला, मग चहा आला, मग चौकशी.

तोवर आम्ही एक मूर्खपणा करून बसलो होतो. एजंटाने इंदिरानगरकडे एक वन बीएचके दाखवला होता. लिफ्ट, चकचकीत फरशी, भाडं बारा हजार. पाच हजार टोकन देऊनही टाकले होते. का दिले? गावात सगळ्यांना सांगून निघालो होतो, नाशिकला चाललो म्हणून. त्या नाशिकला शोभेल असं घर नको? तुम्ही मेथीची काडी मोडत म्हणालात, "अठरातून बारा गेले, मग उरलेल्या सहात खाणार काय, लिफ्ट?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर त्या एजंटाकडे आलात. भांडला नाहीत. नुसत्या त्याच्या खुर्चीसमोर बसून राहिलात, पाऊण तास, पिशवीतून विणकाम काढून. गिऱ्हाईक आलं की त्याला म्हणायचं, "बसा, आमचं टोकन परत मिळतंय, ते झालं की तुमचंच." तीन हजार परत मिळाले. दोन बुडाले ते बुडाले.

मग तुम्ही घर शोधायला शिकवलंत, आणि ते कोणत्याही एजंटाच्या शिकवणीपेक्षा भारी होतं. भाडं विचारण्याआधी तुमचा पहिला प्रश्न असायचा, "मीटर कोणाचं?" मला कळेना. घरमालकाच्या एका मीटरवर तीन बिऱ्हाडं असली की शंभर युनिटांचा स्वस्त टप्पा तिघांत मिळून महिना सरायच्या खूप आधीच संपतो. त्यापुढचा दर जवळपास दुपटीने वाढतो. मग मालक सबमीटर लावून युनिटमागे सरसकट बारा रुपये घेतो, आणि त्यालाही सगळा दोष देता येत नाही. आपलं मीटर वेगळं असेल तर पंखा, दोन दिवे आणि टीव्ही शंभरात भागतात. तुमचा दुसरा प्रश्न, "कंपनीचं गेट किती लांब?" भाडं पाचशेने कमी आणि पेट्रोल हजाराने जास्त, अशी दोन घरं तुम्ही जिन्यावरूनच नाकारलीत. शेवटी उत्तमनगरला वरच्या मजल्यावरची ही खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. साडेसात हजार, मीटर वेगळं, हे सायकलने कामावर.

पण डिपॉझिट वीस हजार. आमच्याकडे होते नऊ.

इथली गोष्ट मी कोणाला नीट सांगितलेली नाही, ह्यांनासुद्धा अर्धीच माहिती आहे. तुमच्या गल्लीत बारा बायकांची भिशी सुरू होणार होती, दोन-दोन हजारांची. पहिली उचल तुमची असायची, कारण भिशी तुम्ही चालवता. त्या रात्री बायका तुमच्या पुढच्या खोलीत जमल्या. मी दाराशी उभी. तुम्ही म्हणालात, एक बाई कमी होती, ही आली, आणि पहिला नंबर हिचा. एकदम शांतता. मग कोपऱ्यातल्या काकू सरळ बोलल्या, "ही चोवीस हजार घेऊन साक्रीला पळाली तर?" रास्तच होतं त्यांचं. मीही तेच विचारलं असतं. भिशीला ना कागद ना सही, सगळा कारभार तोंडावर. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मग तिचे अकरा हप्ते माझ्या नावावर धरा." बावीस हजार रुपये, मावशी. चार दिवसांच्या ओळखीवर. पैसे मोजून माझ्या हातात देताना तुमचं बोट नोटांवर थुंकी लावून सरकत होतं आणि मी मात्र नोटांऐवजी तुमच्या हातातल्या त्या झिजलेल्या पाटलीकडे बघत होते. पेन्शन किती येते तुम्हाला, ते मला नंतर कळलं.

मे २०२४ मध्ये शेवटचा हप्ता दिला. एकही पाच तारीख चुकली नाही. एकदा ह्यांचा पगार लांबला तेव्हा मी चांदीची जोडवी मोडली, ते मात्र तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. रागवू नका.

भाडेकराराचंही तसंच. मालक म्हणत होता, नोटरी करू, नोंदणीचा खर्च कशाला. तुम्ही अडून बसलात. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, वर मुद्रांक. तेवढे घालच म्हणालात. कारण पोराच्या आरटीई अर्जाला, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत जागेसाठीच्या अर्जाला, भाड्याच्या घराचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो, नोटरी चालत नाही. दुसऱ्या वर्षी अर्ज भरला. लॉटरीत नंबर लागला नाही. पोरगं महापालिकेच्या शाळेत जातं, आणि खरं सांगायचं तर बाई चांगल्या आहेत.

रेशनकार्ड साक्रीचंच ठेव, इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, हेही तुम्हीच सांगितलंत. मी तर नाव कमी करायला गावी जाणार होते. एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट असलं तरी एक दिवस मोडलाच असता. पवननगरच्या बाजारात अंधार पडल्यावर जायचं, द्राक्षांच्या दिवसांत घड न घेता सुटे मणी घ्यायचे, वर्षाचे गहू उन्हाळ्यातच भरायचे. हे सगळं हळूहळू अंगवळणी पडलं.

यंदा करार वाढवताना मालक दीड हजार जास्त मागत होता. म्हणे २०२७ चा सिंहस्थ येतोय, सगळीकडे भाडी चढलीत. तुम्ही खालूनच ओरडलात, "अरे, कुंभमेळा रामकुंडावर भरतो, तुझ्या गच्चीवर नाही!" बिचारा सातशेवर आला. जिन्यात मी हसू दाबत होते.

त्या जुन्या वहीत आता खरे भाव आहेत. महिन्याला पाच हजार उरत नाहीत. हजार-बाराशे उरतात, कधी तेही नाही. पण उधारी नाही, आणि भिशीत माझा नंबर या वेळी नववा आहे. थांबायला परवडतं.

सोमवारी भाऊ गावाहून बाजरीचं पोतं पाठवतोय. अर्धं तुमचं. तुम्ही पैसे दिल्याशिवाय घेणार नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते: भाव मागच्या वर्षीचाच लावणार आहे, आणि त्यावरून ओट्यावर भांडण नको.

तुमची,
साक्रीवाली