पॉईंट शून्य चार तीन मोठं की पॉईंट शून्य पाच? (हॉस्टेलच्या ताईला)

ताई,

हे तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर "बरं बरं, जेवलीस का" म्हणून तू विषयच संपवला असतास, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता पळून दाखव.

तुला माहितीये, दहावीला मला गणितात ३८ पडले होते आणि आईने पेढे वाटले ते गणित एकदाचं सुटलं म्हणून. मग आर्ट्स, मग पुण्यात बीएला सायकॉलॉजी, कारण मनाचा अभ्यास म्हणजे फ्रॉइड, केस स्टडी आणि भरपूर गप्पा असं मला वाटायचं. त्यात स्टॅटिस्टिक्स पण असतं हे अ‍ॅडमिशन घेताना कोणी बोललंच नाही! फळ्यावर स्टँडर्ड डेव्हिएशनचा फॉर्म्युला आला, वर्गमुळाच्या छपराखाली ती एवढी गर्दी, आणि वर सल्ला काय तर आर्ट्सवाल्यांनी हे नुसतं पाठ करा. केलं पाठ. काय कळलं? काही नाही.

तू शेजारच्या कॉटवर, एमएस्सी स्टॅट्स करणारी, रात्री अकराला मी रडत बसलेली, आणि तू फॉर्म्युला न बघता एकच विचारलंस, पॉईंट ०४३ मोठं की पॉईंट ०५? मी ठामपणे सांगितलं ०४३, कारण त्रेचाळीस पाचापेक्षा मोठेच ना. तू हसली नाहीस. खरंच सांगते, तेव्हा हसली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी विषय बदलायचा अर्ज दिला असता. तू म्हणालीस, "रुपयाचे पैसे कर." एक ४.३ पैसे, दुसरं ५ पैसे. म्हणजे सहा महिने मी प्रत्येक पी व्हॅल्यू (खरं काही नसताना असा निकाल नुसत्या योगायोगाने यायची शक्यता, ती पॉईंट ०५ च्या खाली गेली की निकालाला 'सिग्निफिकंट' म्हणतात) उलटी वाचत होते! मग आठ दिवस आपण फक्त अपूर्णांक, दशांश आणि वजाची चिन्हं केली, सहावीच्या पुस्तकातून, आणि कोणी खोलीत आलं की मी ते उशीखाली सारायचे.

एसडी, म्हणजे तेच स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, तू एसटीवर शिकवलंस. दोन गाड्या, दोघींना सरासरी उशीर २० मिनिटं, पण एक रोज १८ ते २२ मिनिटांत येतेच आणि दुसरी कधी वेळेवर तर कधी ४० मिनिटं लेट, मग स्टँडवर आई कुठल्या गाडीला जास्त शिव्या घालेल? बस. त्यानंतर आयक्यूची सरासरी १०० आणि एसडी १५ वाचल्यावर १३० च्या वर शंभरातले साधारण दोनच जण का, हे पाठ करावं लागलं नाही. आणि डिग्री ऑफ फ्रीडम तर वाण्याच्या बिलावर, चौघींची सरासरी २०० आणि तिघींचे आकडे कळले की चौथीचा आकडा ठरलेलाच, तिला बिचारीला स्वातंत्र्य नाही.

पण सगळ्यात भारी तो चहा. मी म्हटलं होतं की कोपऱ्यावरच्या दोन अमृततुल्यांचा चहा मी डोळे मिटून ओळखते, तर तू आठ ग्लास मांडलेस, चार इकडचे चार तिकडचे, अगदी स्टॅटिस्टिक्सवाल्या फिशरने १९३५ साली लिहिलेल्या त्या चहावाल्या प्रयोगासारखे. मी त्यातले एका दुकानाचे चार ओळखून काढायचे, आणि सगळे बरोबर यायची शक्यता नुसत्या अंदाजाने ७० पैकी १. मला चारातले तीन आले आणि मी नाचायला लागले, तर तू म्हणालीस थांब, तीन किंवा जास्त तर अंदाजपंचे पण ७० पैकी १७ वेळा येतात, म्हणजे पॉईंट २४. मी विचारलं, म्हणजे मला ओळखता येत नाही? "असं कुठे म्हटलं मी? एवढ्यावरून सांगता येत नाही, एवढंच." नल हायपोथेसिसवर (म्हणजे आधी 'काही फरक नाहीच' असं धरून चालणं) मी नंतर बरंच वाचलं, पण डोक्यात राहिलं ते हेच वाक्य.

एमएच्या डिझर्टेशनला ते कामी आलं बघ. हॉस्टेलच्या ६० मुली, मोबाईलचा वेळ आणि झोप. जामोवी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, गणितं सगळी तेच करतं, मला फक्त बघायचं होतं. आर (दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध ते सांगणारा आकडा) आला पॉईंट २४, पी पॉईंट ०६५, म्हणजे पॉईंट ०५ च्या वर. (हो, या वेळी मोठं कोणतं ते लगेच कळलं.) एक मैत्रीण म्हणाली, दोन मुली काढून टाक, येईल सिग्निफिकंट, कोण बघतंय. खोटं कशाला बोलू, मोह झाला, फाईल उघडून बसले पण होते. मग ते आठ ग्लास आठवले आणि जसं होतं तसं लिहिलं. व्हायवाला त्याच्यावरच सर्वात जास्त प्रश्न आले आणि मी सगळ्यांना उत्तरं दिली, मी, ३८ वाली!

थँक्यू ताई. आणि तुझा कॅल्क्युलेटर अजून माझ्याकडेच आहे, मागचं सेलचं झाकण हरवलंय, चिकटपट्टी लावून चालवतेय, रागावू नकोस.

तुझीच,
खिडकीजवळच्या कॉटवाली