आकडा कागदावर होता, वाचला कुणीच नाही

महोदय,

मी 41 वर्षांची आहे. वडिलांना चाळिशीतच बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, आत्याला त्याच्याही आधी. माझे बीपी मात्र बसून मोजले की 118/76 च्या आसपास. त्यामुळे आपण यातून सुटलो, असेच मी धरून चालले होते.

गेल्या महिन्यात ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट केली. तिसऱ्या टप्प्यात चढ वाढला, दंडावरचा पट्टा फुगला आणि तंत्रज्ञ मुलीने लगेच पुन्हा मोजले. आकडा 204. रिपोर्टच्या शेवटी मात्र 'निगेटिव्ह' एवढाच शेरा. ईसीजीत दोष नव्हता, विषय संपला! घरात कुणाला बीपी आहे का, हे तर कुणी विचारलेही नाही.

व्यायाम करताना वरचा आकडा चढतोच, कारण हृदय जोराने रक्त ढकलत असते. त्याच वेळी राबणाऱ्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून खालचा आकडा जागेवर राहतो किंवा किंचित उतरतो. आईवडिलांना बीपी असलेल्या काहींच्या रक्तवाहिन्या तेवढ्या सैलावत नाहीत. त्यांचे बसून मोजलेले बीपी उत्तम असले, तरी धावताना वरचा आकडा फार चढतो. बायकांमध्ये 190 आणि पुरुषांमध्ये 210 ही त्याची सर्वसाधारण धरली जाणारी मर्यादा. हा आजार नव्हे; पण पुढे बसल्या जागी बीपी वाढण्याचा धोका अशांना जास्त असतो. म्हणूनच हा आकडा आतल्या पानात दडून राहता कामा नये. चाचणीच्या अर्जावर आईवडिलांच्या बीपीचा रकाना हवा आणि शेऱ्यात बीपीची एक ओळ हवी, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.

आकडा ऐकून वडील घाबरले. "उद्यापासून व्यायाम बंद," म्हणाले. माझ्या डॉक्टरांनी नेमके उलटे सांगितले. रोजच्या भरभर चालण्याने बसल्या जागचे बीपी खाली यायला मदत होते. व्यायामानंतरही ते काही तास उतरलेले राहते. मी आता सुरुवातीची 10 मिनिटे सावकाश चालते, मग वेग वाढवते. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, 5 मिनिटे शांत बसून, घरीच बीपी मोजून वहीत लिहिते आहे.

जास्त काळजी धाकट्या भावाची वाटते. तो 36 वर्षांचा. जिममध्ये श्वास कोंडून जड वजने उचलतो, आणि त्यानेच बीपी झपकन चढते. आजवर त्याने ते एकदाही मोजलेले नाही. या रविवारी त्याच्या दंडाला पट्टा मीच बांधणार आहे.

– एक वाचक